गेटबाहेर गेलेलं आणि आत राहिलेलं

अनेक आशीर्वाद.

तुझी फाईल मिळाली. औषधं, रंग, वाहनं आणि रिफायनरी, तुझ्याकडच्या चार उद्योगांतल्या कारखान्यांमधून दहा वर्षांत किती घातक कचरा बाहेर गेला त्याच्या चार रेषा. मेहनत दिसते. पण औषधांच्या रेषेखाली तू ‘लक्षणीय घट, स्वागतार्ह’ असं लिहिलं आहेस. तिथे मी अडलो, आणि फोनवर हे नीट सांगता येणार नाही म्हणून लिहायला बसलो.

तुझे आकडे मॅनिफेस्टवरून घेतलेले आहेत. मॅनिफेस्ट, म्हणजे घातक कचऱ्याच्या गाडीसोबत जाणारा कागद, फॉर्म १०, गाडी निघताना भरतात. त्यामुळे गेटमधून किती गेलं एवढंच तुझी रेषा सांगते. तयार किती झालं, आवारात किती पडून आहे, आतल्या आत किती वापरलं, हे तिला ठाऊक नसतं. राजस्थानात जस्ताच्या कारखान्यांमध्ये जॅरोसाइटचे, म्हणजे जस्त काढताना उरणाऱ्या लोहयुक्त गाळाचे, ढीग वर्षानुवर्षं कारखान्याच्याच आवारात साठत आले. नुसती वाहतूक मोजली असती तर तो डोंगर कुणाला दिसलाच नसता.

दुसरं म्हणजे, चार उद्योग एका आलेखावर टाकलेस तरी त्यांची चाल एक नसते. रॉजर शेल्डन या रसायनशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये एक साधा हिशोब मांडला: एक किलो माल काढताना किती किलो कचरा निघतो? तेलशुद्धीकरणात सुमारे ०.१, ढोबळ, मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या रसायनांत १ ते ५, फाइन केमिकल्समध्ये, म्हणजे थोड्या प्रमाणात बनणाऱ्या शुद्ध रसायनांत, ५ ते ५०, औषधांत २५ ते १००. यात सगळाच कचरा धरला आहे, फक्त घातक नव्हे. तरी औषधांच्या छोट्याशा प्लान्टमधून एवढ्या गाड्या का निघतात ते यातून कळतं. रिफायनरीचं उलट. तिथे टाकी उघडली की तळाचा गाळ निघतो, शटडाऊन झाला की वापरलेला कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) निघतो, आणि मधली वर्षं शांत जातात. म्हणून रिफायनरीच्या दोन वर्षांच्या घटीवर एक ओळसुद्धा लिहू नकोस. वाहनांची रेषा त्यातल्या त्यात सरळ, जेवढ्या बॉडी रंगल्या तेवढा पेंट स्लज, म्हणजे रंगाचा गाळ. फक्त प्लेटिंगचं, म्हणजे धातूचा मुलामा चढवण्याचं, काम बाहेर दिलं का ते विचार. दिलं असेल तर तो स्लज संपलेला नाही, भोसरीच्या एखाद्या छोट्या प्लेटरच्या नावावर गेला आहे.

रंगांच्या रेषेत एका वर्षी जो सुळका आहे तो मी पाहताक्षणी ओळखला. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्राधिकारपत्रात स्लज टनांत असतो, वापरलेलं तेल बऱ्याचदा किलोलीटरमध्ये आणि रिकामे ड्रम नगांत. कुणीतरी १,२०० ड्रम १,२०० टन म्हणून बेरजेत घेतले आहेत. दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम साधारण १८ किलोचा धर, म्हणजे झाले २१-२२ टन. त्या वर्षीचे मूळ कागद काढून बघ.

तुझ्या तक्त्यात ३४.३ हा कचऱ्याचा कोड २०१६ नंतर जवळजवळ नाहीसा होतो आणि ३५.३ अचानक कुठून तरी उगवतो, हेही तू पाहिलं असशील. दोन्ही एकच, ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा, रासायनिक स्लज. घातक कचऱ्याच्या २००८ च्या नियमांत त्याचा क्रमांक ३४.३ होता, २०१६ च्या नियमांत ३५.३ झाला. या दोन रेषा जोडून घे. रिकाम्या ड्रमचंही तसंच, ३३.३ चे ३३.१ झाले.

आता औषधांकडे येतो, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. सांडपाणी बाहेर सोडणं बंद करून एमईई, म्हणजे पाणी उकळून आटवणारा संच, बसवला की पाण्यातलं मीठ ट्रकवर चढतं. दिवसाला १०० घनमीटर पाणी आणि त्यात लिटरला ३० ग्रॅम विरघळलेले क्षार असतील तर रोजचे ३ टन मीठ, महिन्याचे ९० टन. त्या वर्षी रेषा उभी चढते आणि वरच्या मजल्यावर ओरड होते की कचरा वाढला. कचरा तेवढाच होता, आधी नाल्याने जात होता. अशी वाढ दिसली तर तिच्या बाजूने उभी राहा.

उलटही होतं. दहा टन स्लजमध्ये ८० टक्के पाणी असेल तर घनपदार्थ दोनच टन. फिल्टर प्रेसने ओलावा ६० टक्क्यांवर आणला की तोच स्लज पाच टन भरतो. ड्रायरने २० टक्क्यांवर आणला की अडीच टन. प्रक्रियेतला एक स्क्रूही न हलवता रेषा पाऊण भागाने खाली येते. हे काम चांगलंच आहे, वाहतूक वाचते, लँडफिलची, म्हणजे कचरा पुरण्याची, जागा वाचते. पण त्याला ‘कचरा कमी केला’ म्हणायचं नाही. ‘पाणी काढलं’ म्हणायचं. ओलाव्याचा आकडा शेजारच्या रकान्यात नसेल तर स्लजच्या टनांची तुलना करू नये, असं माझं ठाम मत आहे.

को-प्रोसेसिंगला, म्हणजे सिमेंटच्या भट्टीत इंधनासारखा वापरायला, जाणाऱ्या मालातही सांभाळ. तो आधी प्री-प्रोसेसिंगला जातो, तिथे एकत्र करून पुढे चंद्रपूरकडच्या सिमेंटच्या भट्टीला. दोन्ही टप्प्यांची वाहतूक धरलीस तर एकच टन दोनदा मोजला जातो. इन्सिनरेटरची, म्हणजे कचरा जाळण्याच्या भट्टीची, राख लँडफिलला जाते तेव्हाही हेच. ज्या आवारात कचरा मुळात तयार झाला तिथलीच पहिली खेप धर.

मार्चमधल्या उड्या आणि पावसाळ्यातली ओहोटी यांनी घाबरू नकोस. आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे तिमाही संपताना गाड्या दाटतात. २०२० च्या एप्रिलमधला खड्डा कशाचा ते तुला सांगायला नको.

हे सगळं तपासून झाल्यावरही घट शिल्लक राहिली, तर मला भीती वाटते. उत्पादन वाढलेलं, सॉल्व्हंटची (द्रावकाची) खरेदी वाढलेली आणि रेसिड्यूच्या, म्हणजे सॉल्व्हंट परत काढल्यावर उरणाऱ्या गाळाच्या, गाड्या कमी, हे गणित जुळत नाही. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सुरतजवळ सचिनच्या औद्योगिक वसाहतीत टँकरमधलं रसायन नाल्यात सोडलं जात होतं. त्यातून निघालेल्या वायूने शेजारच्या कापडगिरणीतले सहा कामगार गेले. तपासाचा माग आपल्या तळोज्यापर्यंत आला. तो टँकर कुठल्याही टीएसडीएफच्या, म्हणजे घातक कचऱ्यावर प्रक्रिया करून तो साठवणाऱ्या केंद्राच्या, वजनकाट्यावर चढला नव्हता. तळोजा, महापे, रांजणगाव, बुटीबोरी, कुठल्याही काट्यावर न चढलेला टन आपल्या आलेखात ‘घट’ म्हणून उमटतो. म्हणून तो शब्द मला सहज लिहिवत नाही.

आणि माझं स्वतःचं सांगतो. मी तुझ्याएवढा होतो तेव्हा एका कारखान्यात वर्षाचा अहवाल करत होतो. डिस्टिलेशन रेसिड्यूची वाहतूक जवळजवळ निम्म्यावर आली होती. मी स्लाईड केली, मोठ्यांनी टाळ्या वाजवल्या, मला फार बरं वाटलं. वाहतुकीचा दर वाढला म्हणून खरेदी विभागाने नवी ऑर्डर अडकवून ठेवली होती, हे मी विचारलंच नव्हतं. जुलैत बॉयलरच्या मागे ताडपत्रीखाली ड्रमांची रांग सापडली. झाकणं फुगलेली, बुडं गंजलेली, पावसाच्या पाण्यावर काळी साय. ठेकेदाराच्या एका माणसाने ड्रम तिरपा करायला हात लावला आणि बूड सुटलं. चपलेतल्या पायावर सगळं आलं. पायाची कातडी गेली त्याची, दीड महिना उभा राहू शकला नाही. माझी स्लाईड तेव्हा नोटीस बोर्डावर लावलेली होती. मी ती काढली, पण त्या माणसाला भेटायला जायला मला आठ दिवस लागले, आणि ते आठ दिवस मला अजून बोचतात.

तेव्हा औषधांच्या त्या ओळीवर आत्ता काही लिहू नकोस. प्रत्येक कारखान्याचं उत्पादन, सॉल्व्हंटची खरेदी आणि परत मिळालेलं सॉल्व्हंट महिन्यावार माग. फॉर्म ३ मधली, म्हणजे कचऱ्याच्या नोंदवहीतली, शिल्लक माग. मॅनिफेस्टसोबत काट्याची पावती माग, ग्रॉस (भरलेल्या गाडीचं) आणि टेअर (रिकाम्या गाडीचं) वजन दोन्ही असलेली. नेटच्या, म्हणजे नुसत्या मालाच्या वजनाच्या, जागी रोज गोल आकडे दिसले तर तो कागद बाजूला काढ. मॅनिफेस्टची निळी प्रत बघ. माल पोचल्यावर ती घेणाऱ्याकडून परत येते, आणि ऑनलाइन असलं तरी पोच दिसलीच पाहिजे. ज्या खेपेची पोच नाही ती यादीत लाल कर, कुणी कितीही समजावलं तरी. तुझ्यावर दबाव येईल, वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत द्यायचं असतं आणि सगळ्यांना सुंदर रेषा हवी असते. तेव्हा माझं नाव पुढे कर, सांग की सरांनी थांबवलं आहे.

गुरुवारी तू प्लान्टवर जाणार आहेस ना? शेडमधले ड्रम स्वतः मोज, कुणाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नकोस. बॉयलरमागची आणि कंपाउंडलगतची जागा चालून बघ, ताडपत्री असेल तर ती उचलायला लाव. शिल्लक जुळली नाही तर तिथूनच मला फोन कर, संध्याकाळची वाट बघू नकोस. आणि सेफ्टी शूज घालून जा.

तुझा,
सर