निवृत्त होऊन गावी आलेल्या जवानांना नागरी जीवनात रुळण्यासाठी गावाने कशी मदत करावी?

आपल्या गावात दरवर्षी दोन-तीन जवान पेन्शनवर येतात आणि सत्काराखेरीज त्यांच्यासाठी काय करता येईल, असे आपण विचारले आहे. सत्कार अवश्य करा. पण त्याच आठवड्यात त्या माणसाशेजारी बसून त्याने फौजेत नेमके कोणते काम केले, हे विचारून घ्या. मला ते कोणी विचारले नाही, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

मी खटाव तालुक्यातला. 1990 साली ईएमईमध्ये, म्हणजे फौजेची वाहने आणि यंत्रे दुरुस्त करणाऱ्या शाखेत, भरती झालो आणि 24 वर्षांनी हवालदार म्हणून घरी आलो, तेव्हा वय 43 होते. त्यातली बरीच वर्षे झाशीजवळच्या बबिना छावणीत टी-72 रणगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये गेली. 780 अश्वशक्तीचे इंजिन उतरवून त्यातला दोष शोधायचा, ते पुन्हा बसवायचे आणि हाताखालच्या सात-आठ पोरांकडून हे काम वेळेत करून घ्यायचे, ही माझी नोकरी होती. गावाला मात्र फौजी म्हणजे बंदूक एवढेच ठाऊक. सत्कारानंतर पंधरा दिवसांतच थोरल्या बंधूंनी ओळखीने एका कारखान्याच्या गेटवर माझी जागा ठरवली. मी देखभाल विभागात अर्ज देतो म्हणालो, तेव्हा दादा म्हणाले, “पेन्शन चालू आहे, आता कशाला नवीन उठाठेव? फौजीला गेटच शोभते.” तिथल्या साहेबांनीही माझे ट्रेडचे, म्हणजे फौजेत शिकलेल्या कामाचे, प्रमाणपत्र न वाचताच परत केले. पुढचे 14 महिने, रोज बारा तास, मी आत-बाहेर जाणाऱ्या ट्रकचे नंबर वहीत लिहिले. आतल्या कॉम्प्रेसरचा आवाज बदलला की मला गेटवर उभ्या-उभ्या कळायचे, पण ते सांगायला आत जाण्याची मुभा नव्हती. घरी मी कोणाशी बोलेनासा झालो. शेवटी ट्रॅक्टरचे गॅरेज चालवणाऱ्या शाळेतल्या मित्राने एकदा विचारले, “तिकडे तू काय दुरुस्त करायचास?” दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्याकडे जाऊ लागलो आणि आज डिझेल पंप दुरुस्तीचे माझे स्वतःचे दुकान आहे.

म्हणून ग्रामपंचायतीने प्रत्येकाच्या ट्रेडची नोंद ठेवावी. नर्सिंग सहायक, क्लार्क, सिग्नलचा (संदेशवहनाचा) ऑपरेटर, अवजड वाहनांचा चालक, ही सगळी माणसे आपल्या तालुक्याला हवीच आहेत. सैनिक कल्याण कार्यालय आणि ईसीएचएस कार्ड (माजी सैनिकांच्या औषधोपचाराचे) यांची कामे तो स्वतः करील. मात्र एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: दहावी उत्तीर्ण आणि 15 वर्षे सेवा झालेला माजी सैनिक केंद्राच्या गट क मधील, पदवी लागणाऱ्या पण तांत्रिक नसलेल्या पदांसाठी पात्र धरला जातो. ही माहिती त्याच्यापर्यंत निवृत्तीच्या आधीच, सुट्टीवर आला असतानाच, पोचवावी.

सुरक्षारक्षकाचे काम हलके आहे, असे माझे म्हणणे नाही. ज्याने ते स्वतः निवडले, त्याच्याबद्दल मला आदरच आहे. पहिले वर्षभर काहीच न करता शेतात बसावेसे वाटणाऱ्यालाही बसू द्यावे.

दादा मात्र अजूनही म्हणतात की गेट सोडणे हा माझा हट्ट होता. त्यांचा मुलगा आता अग्निवीर आहे. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के मुले कायम होतील आणि बाकीची सेवानिधीची एकरकमी रक्कम घेऊन, पेन्शनशिवाय, ऐन पंचविशीत परत येतील. त्याच्यासाठीही दादांनी आतापासूनच एका गेटवर शब्द टाकून ठेवला आहे. गेल्या सुट्टीत मी त्या पोराला दुकानात बसवून, सिग्नलमध्ये तो काय काय शिकला, ते सगळे वहीत लिहून घेतले. दोन पाने भरली. ती मी दादांना वाचायला दिली आहेत.