बोट घेतलीस, आता एकदा डॉकवर येऊन बस

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

फोनवर एवढं सगळं बोलणं होत नाही, आणि तू फोन उचलतही नाहीस, म्हणून लिहितेय. लांबलंय, जेवताना वाच.

तू आणि तुझ्या तीन मित्रांनी मिळून सेकंडहँड वेकबोट, म्हणजे मुद्दाम मोठी लाट सोडणारी बोट, घेतली हे मला तुझ्या आईकडून कळलं. म्हणजे बोट मिनेटॉन्का लेकवर, आम्ही त्याच लेकच्या काठाला, अर्ध्या तासावर, आणि बातमी आली सांगलीवरून! तिचा एकच प्रश्न होता, त्याला नीट पोहता येतं ना. मी म्हटलं येतं, काळजी करू नको. खरं तर मला काळजी तुझ्या पोहण्याची नाहीये, तुझ्या लाटेची आहे.

आधी हे सांगते की मी तुला नको म्हणणाऱ्यातली नाही. मी स्वतः चाळिशी उलटल्यावर वेकसर्फिंग, म्हणजे बोटीच्या लाटेवर फळीवर उभं राहणं, शिकले, पहिल्या दिवशी अकरा वेळा तोंडावर पडले आणि बाराव्यांदा उभी राहिले तेव्हा काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. दोरी हातातून सोडून दिली आणि नुसत्या लाटेवर उभी होते, मागे कोणी ओढत नाही, पुढे कोणी खेचत नाही. त्यामुळे तुझी हौस मला कळते. आणि ही हौस इथल्या मातीतलीच आहे बरं का, किंवा पाण्यातली म्हण. वॉटर स्कीइंग सुरू झालं ते इथेच, मिनेसोटातल्या लेक पेपिनवर, १९२२ मध्ये. राल्फ सॅम्युएलसन नावाचा १८ वर्षांचा पोरगा, त्यानी फळ्यांची टोकं आईच्या कपडे उकळायच्या भांड्यात उकळून वाकवली आणि त्याच्या स्की केल्या. आई काय म्हणाली असेल ते मी डोळ्यासमोर आणू शकते.

पण त्याची बोट आणि तुझी बोट यात फरक आहे, आणि तो फरक वेगाचा नाही. लोकांना वाटतं हळू चाललेली बोट म्हणजे कमी लाट. वेकबोटीचं उलटं असतं. तू साधारण ताशी १० ते १२ मैलांनी जाणार, म्हणजे सायकलवाला तुला मागे टाकेल, पण बॅलास्टच्या, म्हणजे वजन वाढवायच्या, टाक्यांत तू लेकचंच पाणी भरून घेतलेलं असणार. समज ४०० गॅलन भरलंस, तर गच्चीवरची दीड हजार लिटरची काळी टाकी असते ना, ती अख्खी भरलेली टाकी बोटीच्या मागच्या बाजूला ठेवल्यासारखं झालं. मागचा भाग पाण्यात रुतलेला, नाक वर, आणि बोट पाण्यावर तरंगत पळण्याऐवजी पाणी नांगरत जाते. तीच तर तुला पाहिजे असलेली लाट. आणि लाटेची उंची दुप्पट झाली की तिच्यातली ताकद दुप्पट नाही होत, चौपट होते, हे तू इंजिनीअर आहेस, तुला मी कशाला सांगू.

आता मी केलेला घोळ सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही उत्तरेला एका छोट्या लेकवर आठवड्यासाठी केबिन घेतली होती. बोट आमची, मुलं लहान, मी चालवतेय आणि पोरं आळीपाळीने सर्फ करतायत. जागा आम्हाला छान सापडली होती, एका बाजूला झाडी, वारा अजिबात नाही, पाणी आरशासारखं, म्हणून आम्ही तिथेच इकडून तिकडे, तिकडून इकडे, दोन दिवस. नियम कुठलाच मोडला नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या केबिनमधल्या आजीबाई आल्या, हातात केळ्याचा ब्रेड. मला वाटलं ओळख करून घ्यायला आल्यात. त्या म्हणाल्या, आज संध्याकाळी तू बोटीवर नको जाऊस, माझ्याकडे कॉफीला ये, डॉकवर बसू. एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या डॉकवर, म्हणजे पाण्यात काढलेल्या लाकडी धक्क्यावर, आणि आमचे हे बोट घेऊन बाहेर. समोरून गेले, मुलांनी हात केला, मीही केला, गाणी लावलेली, सगळे खूश. बोट वळणाआड गेली, गाणी विरली, पाणी पुन्हा शांत. मी म्हटलं, हात्तिच्या, काहीच तर झालं नाही. आजीबाई म्हणाल्या, थांब. मिनिटभर तरी गेलं असेल, जास्तच. आणि मग ती आली. आधी डॉक खालून करकरला, मग त्यांची ॲल्युमिनियमची छोटी होडी खांबावर आपटायला लागली, धाड धाड, नातवाची बादली कलंडून आतले छोटे मासे गेले पाण्यात, शिडीवर बसलेलं पोरगं उठून पळालं, आणि काठाचं पाणी बघता बघता चहाच्या रंगाचं झालं. एक लाट नाही, मागून येतच राहिल्या. आणि ज्यांनी हे केलं ते वळणाच्या पलीकडे हसत होते, त्यांना याचा पत्ताही नाही. मी दोन दिवस तेच करत होते आणि मला पत्ता नव्हता.

या आख्ख्या खेळातली हीच गोम आहे. रस्त्यावर तू कोणाच्या अंगावर चिखल उडवलास तर आरशात दिसतं. लाट पोचते तेव्हा तू तिथे नसतोस. त्यामुळे डोळ्यांवर भरवसा ठेवून उपयोग नाही, आकडे पाठ करावे लागतात.

आकडे दोनच. पहिला ५०० फूट. इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटाची सेंट अँथनी फॉल्स लॅब आहे, त्यांनी खऱ्या बोटी पाण्यात पळवून लाटा मोजल्या आणि २०२२ मध्ये रिपोर्ट काढला. साध्या बोटीची लाट २०० फुटांवर जेवढी उरते तेवढी व्हायला सर्फ मोडमधल्या बोटीच्या लाटेला ५०० फुटांच्या वर जावं लागतं. ५०० फूट म्हणजे मोठ्या क्रिकेट ग्राऊंडच्या या बाउंड्रीपासून त्या बाउंड्रीपर्यंत. पाण्यावर अंतराचा अंदाज हमखास चुकतो, म्हणून जीपीएसवर बघ, अंदाज नको. मिनेटॉन्कावर वेकसर्फसाठी ३०० फुटांचा नियम आहे, पण नियम पाळला म्हणजे लाट मेली असं नाही, मीही नियमातच होते. आणि आता गणित कर, दोन्ही काठांपासून ५०० सोडायचे तर लेक हजार फुटांहून बराच रुंद पाहिजे. म्हणजे छोट्या लेकवर सर्फ नाहीच. तिथे बॅलास्ट रिकामे ठेवून फिर, पोह, डबा खा.

दुसरा आकडा २० फूट, खोलीचा. मागचा भाग खाली दबलेला असल्यामुळे प्रॉपचा, म्हणजे मागच्या पंख्याचा, झोत तिरका खाली जातो आणि उथळ पाण्यात तळ ढवळून काढतो. तळातल्या गाळात फॉस्फरस बसलेला असतो, तो वर आला की शेवाळाची मेजवानी, मग ऑगस्टमध्ये पाणी हिरवं झालं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. त्याच लॅबनी पुढे हेही तपासलं आणि २० फूट किंवा जास्त खोल पाण्यातच सर्फ करा असं सांगितलं. तुझ्या बोटीत डेप्थ फाइंडर आहे, त्याच्यावर गाण्याचा स्क्रीन लावून ठेवू नकोस.

चालवण्याबद्दल थोडं. पोरगं पडलं की नवा ड्रायव्हर गर्रकन पॉवर टर्न मारतो, हिरोसारखा. नको. त्याने चारी दिशांना लाटा जातात आणि तुझ्याच पुढच्या फेरीचं पाणी खराब होतं. थ्रॉटल खाली घे, बोट बसू दे, मग सावकाश वळून ये, लाइफ जॅकेट घातलेला माणूस तेवढा वेळ तरंगत राहतो. डॉकजवळ येताना वेग आधीच, लांबूनच कमी कर, कारण अगदी जवळ येऊन ब्रेक मारल्यासारखी बोट बसवलीस की सगळ्यात मोठी लाट नेमकी तिथेच सोडतोस. आणि एकाच काठाला घासत दिवसभर फेऱ्या मारू नकोस, जागा बदलत राहा. ही अगदी माझीच चूक.

बाकी सुरक्षेचं तुला येतच असेल, पण आईसाठी लिहिते. मागे बघायला माणूस किंवा मोठा आरसा पाहिजे, मी माणूसच म्हणेन. सूर्यास्तानंतर तासाभरात टोइंग, म्हणजे बोटीमागे माणूस ओढणं, बंद. इंजिन चालू असताना मागच्या प्लॅटफॉर्मवर लोळत बसायचं नाही, तिथे कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. कोणाच्या आउटबोर्ड, म्हणजे इंजिन मागे बाहेर लटकवलेल्या, बोटीमागे कधीही सर्फ करू नकोस, प्रॉप थेट पायाशी असतो. आणि परमिट! इथे १ जुलै २०२५ पासून टप्प्याटप्प्याने कायदा आलाय, १ जुलै २००० नंतर जन्मलेल्यांना २०२६ च्या जुलैपासून बोट चालवायला परमिट लागतं. तू २००१ चा. ऑनलाइन कोर्स आहे, एका रविवारचं काम.

आता माणसांबद्दल. माझं माहेर कृष्णाकाठचं, तिथे घाटावर वरच्या अंगाला प्यायचं पाणी भरायचं, त्याच्या खाली कपडे, आणि त्याच्या खाली म्हशी. कुठे पाटी नव्हती, पण म्हैस वर नेलीस तर बायका काय बोलतील ते ऐकायची कोणाची छाती नव्हती. लेकची पंचाईत अशी की त्याला वरचं अंग खालचं अंग नाही, लाट सगळीकडे जाते. (लेकवरून आठवलं, आमच्या सासूबाईंना फोनवर सांगितलं की इथे दहा हजार लेक आहेत तर त्या म्हणाल्या, अगं बाई, आणि मुलगे? खरा आकडा ११,८४२ आहे, दहा एकरांच्या वरचे तेवढे, पण गाडीच्या नंबरप्लेटवर मात्र दहा हजारच.) तर जागेची वाटणी जमत नाही तिथे वेळेची करायची. पहाटे गळ टाकून बसलेले असतात, रोइंगवाले, पॅडलबोर्डवाल्या बायका, ती वेळ त्यांची. तुलाही आरशासारखं पाणी तेव्हाच मिळतं हे मला माहितेय, म्हणूनच तर भांडणं होतात. दुपारी वारा सुटून पाणी आधीच हललेलं असतं, तेव्हा तुझ्या लाटेचं कोणाला फारसं काही वाटत नाही. संध्याकाळी आवाज कमी कर. गार पाण्यावरून आवाज फार लांब जातो, आणि तुमच्या बोटीच्या टॉवरवरचे, म्हणजे वरच्या कमानीवरचे, स्पीकर तर मागे तोंड करूनच बसवलेले असतात, सर्फ करणाऱ्याला ऐकू जावं म्हणून, म्हणजे अख्ख्या काठाला तुमची प्लेलिस्ट पाठ.

कयाक दिसली तर तिला वळसा घालून नकोच जाऊस, अख्खा पट्टाच सोड. होडीत उभं राहून गळ टाकणारा म्हातारा दिसला तर त्याला तुझ्या लाटेची वाट बघायला लावू नकोस.

मे-जूनमध्ये आणखी एक. लून पक्षी, इथला राज्यपक्षी, त्याला जमिनीवर धड चालता येत नाही, पाय शरीराच्या फार मागे असतात, म्हणून घरटं अगदी पाण्याला टेकून करतो. अंडी एक किंवा दोन. महिनाभर नर-मादी आळीपाळीने बसतात आणि एका शनिवारच्या लाटा ते धुऊन नेऊ शकतात. उत्तरेला गेलास तर जंगली तांदूळही बघशील, मनोमिन, ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवाशांचं ते धान्य. जूनमध्ये त्याची पानं पाण्यावर आडवी पसरलेली असतात आणि मुळं अगदी कच्ची, लाटेने उपटून येतात. लांबून ते नुसतं गवत दिसतं. आम्ही भातखाऊ माणसं, आम्हाला तरी हे कळायला हवं होतं, पण मलाही पाच-सहा वर्षं ते गवतच वाटलं.

झेब्रा मसल, म्हणजे बोटींबरोबर एका लेकमधून दुसऱ्यात पसरणारे बाहेरचे छोटे शिंपले, त्यांचं तर वेगळं पत्र लिहावं लागेल. मिनेटॉन्कात ते २०१० मध्ये सापडले. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, आणि वेकबोटीची अडचण ही की बॅलास्टची टाकी पंपाने कितीही उपसली तरी तळाला थोडं पाणी राहतंच. साध्या बोटीचा प्लग, म्हणजे तळाचं बूच, काढला की झालं, तुझं तेवढ्याने होत नाही. प्लग काढून ट्रेलर रस्त्यावर आणणं हा कायदाच आहे, पण माझं ऐकशील तर एक सीझन एकच लेक. व्हर्मॉंट राज्याने २०२४ पासून वेकबोटींना जवळपास हेच करायला लावलंय, वर्षाला एक लेक निवडा, दुसरीकडे जायचं तर आधी बोट निर्जंतुक करून घ्या. चौघांनी मिळून बोट घेतलीये, तुमच्यातला एक जण म्हणणारच की या वीकेंडला दुसरीकडे जाऊया, त्या एकाला आत्ताच समजावून ठेव.

विस्कॉन्सिनमध्ये बऱ्याच गावांनी आपल्या लेकवर अशा मोठ्या लाटा करायला बंदीच घातलीये. मला ते ऐकून वाईट वाटतं, आणि त्या गावांचं चुकलं असंही म्हणवत नाही. काठावरचे लोक काही संत नाहीत, पाण्यापर्यंत लॉन करून त्यावर खत ओततात आणि मग फॉस्फरसचा दोष तुझ्या प्रॉपला देतात. पण हा मुद्दा तू त्यांच्या डॉकपासून दीडशे फुटांवर लाट सोडून मांडू शकत नाहीस.

तर पुढच्या शनिवारी बोट तिघांकडे दे आणि तू आमच्या डॉकवर ये. त्यांना सांग की काठापासून तीनशे फुटांवरून बॅलास्ट भरून एकदाच जा, मग पाचशेवरून एकदा. आमचाच काठ आहे, शेजाऱ्यांना मी आधी सांगून ठेवते, आमची होडीही वर काढून ठेवते. पोहे करते. येताना हातावरचं घड्याळ घालून ये, लाट किती वेळाने येते ते मोजायला. फोनवर मोजायला जाऊ नकोस, त्या डॉकवरून माझे दोन गेलेत.

मावशी