टेम्पो भरणाऱ्यांना पाचशे की पाच हजार?

प्रश्न: आम्ही डोंबिवलीहून पुण्यात वारज्याला भाड्याच्या घरात राहायला चाललोय. सामान हलवण्याचं कोट 24,000 आणि वर 18 टक्के जीएसटी. इथे तिसरा मजला, लिफ्ट नाही. तिथे नववा मजला, लिफ्ट आहे. चार माणसं आणि ड्रायव्हर येणार. सुपरवायझरने फोनवर आत्ताच सांगून ठेवलंय, "पोरांचं चहापाणी वेगळं बघा, मॅडम." सासरे म्हणतात, एक पैसा द्यायचा नाही, बिल भरतोय ना? सरकारने तर हॉटेलातसुद्धा टीप बंद केलीय. नवऱ्याचं मत, टेम्पो भरायच्या आधीच पाच हजार हातावर ठेवू, म्हणजे टीव्ही आणि काचेचं शोकेस नीट पोहोचेल. विम्याचे दीड टक्के कोटमधून काढून टाकून आम्ही तीन हजार वाचवलेत, त्यामुळे त्यांना काळजी वाटते. मी पाचशे म्हणतेय. शिफ्टिंगसाठी दीड लाख बाजूला काढलेत. नवं भाडं 25,000, डिपॉझिट 75,000, ब्रोकरला एक महिन्याचं भाडं. कमी पडलं तर आणीबाणीच्या फंडातून घ्यावं का? दोन दिवसांनी नवं कपाट आणि पलंग येणार आहे (38,000, नो-कॉस्ट ईएमआय). त्या डिलिव्हरीवाल्यांनाही काही द्यायचं असतं का?

उत्तर:

ताई, आधी आकडा सांगतो, भांडण मागून सोडवू. अठराशे रुपये रोख, आणि खाण्यापिण्याचे तीन-चारशे वेगळे. आणीबाणीच्या फंडाला हात लावायची गरज नाही.

अठराशे आले कुठून ते बघा. दिवसभराच्या कामाला मी माणशी तीनशे धरतो. डोंबिवलीला लिफ्ट नाही, तीन जिने आहेत, म्हणून माणशी आणखी शंभर. चार माणसांचे सोळाशे, ड्रायव्हरचे दोनशे. हा कुठल्या कायद्यातला दर नव्हे, माझा आणि माझ्या बऱ्याच अशिलांचा गेल्या काही वर्षांतला शिरस्ता आहे. काम अर्ध्या दिवसात उरकलं तर निम्मं करा. पाऊस लागला, टेम्पो गेटबाहेर लावावा लागला आणि सामान शंभर पावलं वाहून न्यावं लागलं, तर पन्नास-शंभर वाढवा.

बिलाच्या टक्क्यात मात्र हा हिशेब करू नका. टक्केवारी हॉटेलच्या टेबलावर चालते. तुमच्या 28,320 च्या बिलात डिझेल आहे, टोल आहे, खोकी आणि बबलची गुंडाळी आहे, कंपनीचा नफा आहे, आणि 4,320 तर नुसता जीएसटी आहे. यातलं काहीच कोणी पाठीवरून वाहून नेत नाही. बिल मोठं झालं म्हणून पलंग जड होत नाही आणि घासाघीस करून बिल उतरवलं म्हणून जिने कमी होत नाहीत. माणसं मोजा, मजले मोजा, तास मोजा.

आता सासऱ्यांचा मुद्दा. त्यांनी बातमी वाचली आहे, पण अर्धी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये हॉटेलांना सांगितलं की बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप जोडायचा नाही आणि ग्राहकावर सक्ती करायची नाही. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. ग्राहकाने खुशीने वेटरच्या हातावर काही ठेवलं तर त्याला कोणीच मना केलेलं नाही. उलट त्या आदेशाचा गाभा हाच आहे की द्यायचं की नाही आणि किती, हे देणाऱ्याने ठरवायचं. "बिल भरतोय ना" हेही पूर्ण खरं नाही. ही मंडळी बहुतेक वेळा कंपनीच्या पगारावर नसतात, ठेकेदाराकडून रोजावर येतात. तुमचं बिल वाढलं किंवा घटलं तरी त्यांच्या रोजात फरक पडत नाही.

सासऱ्यांना एक विनंती करा: फ्रिज उतरवताना जिन्यात उभे राहा. एकच माणूस तो पाठीवर घेतो. खांद्यावरून नायलॉनचा पट्टा, बोटं मागे वळवून खालच्या कडेत अडकवलेली. वळणावर तो एक पायरी परत वर चढतो, खांद्याने भिंतीचा अंदाज घेतो, मग तिरका होऊन उतरतो, आणि वरून आपण सांगत असतो, "जरा सांभाळून हां." दोन दारांचा फ्रिज सहज पन्नास किलोच्या पुढे जातो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची शिफारस आहे की प्रौढ पुरुषाला एका वेळी 55 किलोहून जास्त ओझं देऊ नये. मार्केट यार्डातलं पोतं पन्नास किलोवर आणायला आपल्याकडच्या हमालांच्या संघटना वर्षानुवर्षं भांडल्या. घरसामानाला असं मोजमाप कोणी लावत नाही. गोदरेजच्या कपाटाला तर नाहीच.

यजमानांच्या पाच हजारांवर मात्र मला जरा थांबायचं आहे, कारण खरा पैशाचा प्रश्न तिथे आहे. मराठीत या देण्याला तीन-चार शब्द आहेत. काम झाल्यावर दिली ती खुशी किंवा बक्षिशी. कामाच्या मध्ये दिलं ते चहापाणी. कामाच्या आधी, काम नीट व्हावं म्हणून दिली ती चिरीमिरी. पाच हजार आधी देऊन तुम्ही टीव्हीची सुरक्षितता विकत घेताय, पण चुकीच्या खिडकीवर. टेम्पो लोणावळ्याच्या घाटात गचका खाईल तेव्हा मागे शोकेसजवळ कोणी हात धरून बसलेलं नसेल. आणि शोकेस फुटलंच, तर त्या पाच हजारांची पावती दाखवून भरपाई मागणार कोणाकडे?

यासाठी विमा असतो, आणि तोच तुम्ही काढून टाकलात. दोन लाखांच्या सामानाला दीड टक्क्याने तीन हजार लागत होते. ते वाचवले आणि त्याच भीतीपोटी पाच हजार द्यायला निघालात! विमा परत घाला. एकच अट: "इन्शुरन्स" अशी ओळ कोटमध्ये असली म्हणजे विमा झाला असं समजू नका. विमा कंपनीची पॉलिसी किंवा प्रमाणपत्र तुमच्या नावाने, सामानाच्या यादीसकट, टेम्पो हलायच्या आधी व्हॉट्सॲपवर मागवा. ते देत नसतील तर ते तीन हजार विम्याचे नाहीतच. टीव्ही आणि शोकेसचे फोटो आदल्या रात्री काढून ठेवा. काही फुटलं तर डिलिव्हरीच्या कागदावर सही करतानाच तसं लिहा आणि वाहतूकदाराला लेखी नोटीस लगेच पाठवा. रस्ते मालवाहतुकीच्या 2007 च्या कायद्यात त्यासाठी बुकिंगपासून 180 दिवसांची मुदत आहे, पण तेवढं थांबायचं कारण नाही.

आणि सुपरवायझर. "पोरांचं चहापाणी वेगळं बघा" या वाक्यातली पोरं खरी, चहापाणी खरं, पण पैसे त्याच्या हातात जायला नकोत. हे मी ऐकीव सांगत नाही. 2009 मध्ये आम्ही सदाशिव पेठेतून सिंहगड रोडला आलो, तेव्हा मी ऐटीत एक हजाराचं पाकीट मुकादमाकडे दिलं आणि सगळ्यांना वाटून द्या म्हणालो. तो बरं म्हणाला, पाकीट खिशात घातलं आणि पुढे गाडीवर बसून गेला. खाली सोसायटीच्या नळावर एक मुलगा तोंड धूत होता. चुंबळीचं फडकं खांद्यावर, शर्ट पाठीला चिकटलेला. म्हणाला, "काका, आम्हाला काही?" मी वर मुकादमाकडे दिलेत असं सांगितलं. तो काहीच बोलला नाही, नळ बंद केला आणि टेम्पोच्या मागच्या फळकुटावर जाऊन बसला. तेव्हापासून मी माणशी देतो, हातात देतो, सगळ्यांना सारखे देतो, आणि सगळे एकत्र असताना देतो. क्यूआर कोडवर पाठवायचे असतील तर कोड कोणाचा आहे ते विचारा. बऱ्याचदा तो मुकादमाचाच निघतो.

आणखी एक गोष्ट आत्ताच विचारून घ्या: भरणारी माणसं आणि उतरवणारी माणसं तीच आहेत का? डोंबिवली–पुणे अंतराला बहुधा तीच टोळी टेम्पोतून येते, पण काही कंपन्या उतरवायला पुण्यातली माणसं लावतात. तसं असेल तर वरच्या चारशेतले अडीचशे डोंबिवलीत आणि दीडशे वारज्यात. जिने तिकडे आहेत, इकडे लिफ्ट आहे. सगळे पैसे शेवटी द्यायचे ठरवून बसलात, तर तीन मजले उतरवणारे डोंबिवलीतच राहिलेले असतील.

वारज्याच्या गेटवर अनोळखी माणसं येऊन "इथला माल आम्हीच उतरवणार, नाहीतर वाराई द्या" म्हणाली (वाराई म्हणजे माल उतरवण्याच्या नावाखाली मागितलेले पैसे), तर ती बक्षिशी समजून पाकिटात हात घालू नका. माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्रात 1969 पासून कायदा आहे, आणि नोंदीत माथाडीची मजुरी माथाडी मंडळामार्फत जमा होते. गेटवर अडवून रोख उकळणं त्यात कुठेच बसत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला बोलवा, तरीही कोणी अडवलं तर 112.

खाण्याचं म्हणाल तर भांडी खोक्यात गेल्यावर चहा कशात करणार? टपरीवरून कटिंग आणि दहा-बारा वडापाव मागवा. वीस लिटरचा पाण्याचा जार आणि कागदी पेले टेम्पो यायच्या आधी दारात हवेत. हे पैसे बक्षिशीतून वळते करू नका. तसंच बिघडलेला मिक्सर किंवा जुनी गादी "घेऊन जा हो तुम्हाला" म्हणून दिली, तर ती अडगळ गेली एवढंच. तिची किंमत चारशेतून वजा होत नाही.

आता दीड लाखाचा हिशेब. टेम्पो 28,320, डिपॉझिट 75,000, ब्रोकर 25,000. अकरा महिन्यांच्या करारावर पाव टक्का स्टँप ड्यूटी म्हणजे सातशेच्या आसपास, नोंदणीचे हजार. एक लाख तीस हजार झाले. उरले वीस हजार. त्यातून विम्याचे तीन हजार आणि बक्षिशी-खाण्याचे बावीसशे गेले तरी पंधरा हजारांच्या जवळपास शिल्लक आहे, आणि ती लागेल: गीझर बसवणारा प्लंबर, पडद्यांचे रॉड, करार करून देणाऱ्या एजंटची फी, सोसायटी मागत असेल तर लिफ्टचे शिफ्टिंग चार्जेस. पाच हजार आधीच देऊन टाकले असते तर याच शिल्लकीला कात्री लागली असती. डोंबिवलीचं घर भाड्याचं असेल तर तिथलं डिपॉझिट परत येईपर्यंत ते हिशेबात धरू नका. किल्ली दिल्यानंतर घरमालकाला भिंतीवरचे खिळे दिसायला लागतात.

पाचशे की पाच हजार यावर घरात एवढी चर्चा झाली, पण 38,000 च्या ईएमआयबद्दल तुमच्या पत्रात कंसात चार शब्द आहेत. नो-कॉस्टमध्ये व्याजाइतकी सूट आधी किमतीत दाखवतात, पण बँक व्याज आकारतेच. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी आणि बहुधा प्रोसेसिंग फी तुमच्या कार्डावर येते. ऑर्डरचं ते पान एकदा उघडा आणि या दोन ओळींची बेरीज करा. कदाचित बक्षिशीचे अर्धे पैसे तिथेच निघतील.

कपाट-पलंगाच्या डिलिव्हरीवाल्यांना माणशी शंभर पुरे. ते अर्ध्या तासात खोकी ठेवून जातात आणि त्यांना दिवसात अशी पुष्कळ घरं असतात. जोडणीचा सुतार बहुतेक वेगळ्या दिवशी येतो. तो दोन-तीन तास जमिनीवर बसून स्क्रू पिळतो, त्याला दोनशे द्या. मात्र खोकं लिफ्टमध्ये मावलं नाही तर नऊ मजले कोण चढवणार, हे डिलिव्हरीच्या अटींत आजच वाचा. बरेच विक्रेते अशा वेळी खालीच ठेवून जातात किंवा मजल्यामागे पैसे लावतात, आणि दारात उभं राहून केलेला तो सौदा शंभरात मिटत नाही. लिफ्टचं दार टेपने मोजून खोक्याच्या मापाशी ताडून बघा.

शेवटचं म्हणजे सुटे पैसे. एटीएममधून बऱ्याचदा पाचशेच्या नोटा येतात आणि शिफ्टिंगच्या दिवशी कोणाकडे सुटे नसतात. आदल्या दिवशी किराणावाल्याकडून शंभराच्या पंचवीस नोटा करून घ्या, पाच पाकिटं भरा आणि ती तुमच्या पर्समध्ये ठेवा. माझ्या एका अशिलाने ती देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवली होती. देवघर सगळ्यात आधी पॅक झालं.