ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्या मुलीला इंटरनेटवरच्या गणिताच्या गटात जाऊ द्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी नववीत, मराठी माध्यम, तालुक्याचं गाव. शाळेतली गणितं तिला पुरत नाहीत. यंदा आयओक्यूएमला, म्हणजे गणित ऑलिंपियाडच्या पहिल्या चाळणी परीक्षेला, बसणार आहे, पण तिच्याबरोबर गणितात डोकं घालणारं आसपास कोणी नाही. इंटरनेटवर अशा मुलांचे गट आहेत. तिथं तिला जाऊ द्यावं का, इंग्रजी जमेल का, वेळ वाया तर जाणार नाही ना?

जाऊ द्या. फक्त तिथं जाऊन काय करायचं हे आधी ठरवून जाऊ द्या, कारण त्याच जागी वर्ष फुकट घालवणारी मुलंही मी पाहिली आहेत.

मी नववीत होते २००९ साली, परभणीत. तेव्हा आयओक्यूएम नव्हती, आम्ही थेट आरएमओला, म्हणजे त्यापुढच्या विभागीय परीक्षेला, बसायचो. दादाच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला कॉम्प्युटर आणि बीएसएनएलचं ब्रॉडबँड घरात होतं. शिष्यवृत्तीपासून एका सरांनी मला हाताशी धरलं होतं. तेच एक दिवस म्हणाले, "बाळ, तुझ्या गणितांना आता माझ्याकडे वेळ कमी पडतो, आणि कधी कधी उत्तरही." त्यांच्या या प्रांजळपणाचं मोल मला फार उशिरा कळलं. त्यानंतर दादाने शोधून मला एका गटात नाव नोंदवून दिलं.

त्या गटात मी पहिल्यांदा सोडवून पाठवलेलं गणित अजून पाठ आहे. १ ते १०० मधल्या कोणत्याही ५१ संख्या उचला. त्यांत अशा दोन सापडतातच की एकीने दुसरीला निःशेष भाग जातो. हे सिद्ध करा.

माझी सिद्धता अशी होती. ५१ ते १०० या पन्नास संख्या घ्या. यांतल्या कुठल्याही संख्येची दुप्पट शंभराच्या पुढे जाते, म्हणून इथं कोणी कोणाला भागत नाही. आता एक्कावन्नावी संख्या घ्यायची तर ती ५० किंवा त्याहून लहान असणार, आणि तिची कुठली ना कुठली पट ५१ ते १०० मध्ये असणारच. झालं! मला ती अगदी सुबक वाटली होती. वर्गात फळ्यावर मांडली असती तर शाबासकी मिळाली असती.

दुसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसाचं एका ओळीचं उत्तर आलं होतं: "६८ काढ, ३४ घाल. आता?"

मी वहीत करून पाहिलं. ३४ ची दुप्पट ६८, तिप्पट १०२. म्हणजे ६८ गटात नसेल तर ३४ ने तिथल्या कुठल्याच संख्येला भाग जात नाही. पुन्हा पन्नास संख्यांचा तसाच गट तयार झाला, आणि तो माझ्या गटाहून वेगळा होता. माझी सिद्धता एकाच गटाबद्दल बोलत होती. गणितात "कोणत्याही" असं म्हटलं होतं, आणि तो शब्द मी वाचूनही सोडून दिला होता.

दोन दिवस मी ३४ आणि ६८ कडे बघत बसले. शाळेत मधल्या सुट्टीतही तेच. मग लक्षात आलं: ३४ म्हणजे २ गुणिले १७, ६८ म्हणजे ४ गुणिले १७. अदलाबदल झाली ती १७ च्या घरातल्या घरात. मग प्रत्येकच संख्येला तिचं घर देता येईल का? कोणतीही संख्या घ्यायची, दोनाने भाग जातोय तोवर भागत राहायचं, शेवटी जी विषम संख्या उरेल ते तिचं घर. १ ते १०० मध्ये विषम संख्या पन्नास, म्हणजे घरं पन्नास. आपण उचलल्या ५१ संख्या. तेव्हा कुठल्या तरी दोन एका घरात येणारच. दोघी एकाच विषम संख्येला दोनाच्या वेगवेगळ्या घातांनी गुणून झालेल्या, म्हणून लहानीने मोठीला भाग जातो. कबुतरखान्याचं तत्त्व म्हणतात ते हेच, पण ते नाव मला नंतर कळलं.

त्या माणसाने मला उत्तर सांगितलं नव्हतं. माझी चूक दाखवायला त्याने अशी जोडी दिली की तिच्यातच पुढची वाट होती. मुद्दाम दिली की सहज, हे मी कधी विचारलं नाही. आज मी कॉलेजात गणित शिकवते, आणि मुलांच्या वहीत चूक दिसली की पूर्ण उत्तर लिहून देण्याऐवजी तसा एखादा "आता?" सापडतो का, ते आधी शोधते.

असा गट उपयोगी पडतो तो एवढ्याच गोष्टीसाठी: आपण पूर्ण वाक्यांत लिहिलेली सिद्धता कोणीतरी अनोळखी माणूस बारकाईने वाचतो, ती जिथं फुटते तिथं बोट ठेवतो, आणि आपण ती पुन्हा लिहितो. बाकी सगळं घरी बसून मिळतं. आरएमओ आणि तिच्यापुढची राष्ट्रीय परीक्षा आयएनएमओ यांच्या जुन्या प्रश्नपत्रिका मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग या अमेरिकी संकेतस्थळावर जगभरच्या स्पर्धांची गणितं वर्षवार लावलेली आहेत. गणितांची टंचाई आता कोणालाच नाही. टंचाई आहे ती आपलं लिहिलेलं वाचणाऱ्याची.

तुमच्या मुलीला याची गरज जास्त आहे, कारण आयओक्यूएममध्ये हा कच्चेपणा दिसतच नाही. तिथं ३० प्रश्न, तीन तास, आणि प्रत्येक उत्तर म्हणजे ०० ते ९९ मधली एक संख्या. माझ्यासारखा अर्धवट तर्क करूनही बरोबर आकड्याला गोल करता येतो. पुढे आरएमओत तीन तासांत सहा गणितं येतात, आणि तिथं प्रत्येक पायरी लिहून द्यावी लागते. आयओक्यूएमला उत्तम गुण मिळवून आरएमओत कोलमडलेली हुशार मुलं मी दरवर्षी बघते. त्यांना गणित येत असतं, पण आपलं लिखाण दुसऱ्याच्या डोळ्यांखालून घालायची सवय नसते.

यात नवीन काही नाही. हंगेरीत १८९४ साली दानिएल अरान्य नावाच्या शाळामास्तरांनी शाळकरी मुलांसाठी गणिताचं मासिक सुरू केलं. दर महिन्याला प्रश्न छापायचे, गावोगावच्या मुलांनी उत्तरं टपालाने पाठवायची, चांगली उत्तरं नावानिशी छापून यायची. भरपूर गणितं सोडवणाऱ्या मुलांचे फोटो छापायची पद्धत पुढे पडली, आणि त्या फोटोंत पुढे जगप्रसिद्ध गणिती झालेला शाळकरी पॉल एर्डॉशही आहे. लहान गावातल्या मुलाचं पाकीट आणि राजधानीतल्या मुलाचं पाकीट एकाच टेबलावर पडायचं, हे मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या लेकीला आज टपालाची वाट बघावी लागत नाही, एवढाच फरक.

इंग्रजीचं म्हणाल तर पहिले दोन महिने जड जातील, मग नाही. सिद्धता लिहायला चाळीस-पन्नास शब्द पुरतात. मी वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने आखले होते, एकात मराठी शब्द, दुसऱ्यात इंग्रजी. सहमूळ (१ सोडून एकही सामाईक विभाजक नसलेल्या संख्या) म्हणजे कोप्राइम, चक्रीय चौकोन म्हणजे सायक्लिक क्वाड्रिलॅटरल, असं. एकदा समरूप त्रिकोणांना काँग्रुअंट लिहून बसले, म्हणजे समरूपचं एकरूप झालं आणि सगळी भूमिती कोसळली. कोणी हसलं नाही. एका मुलीने शांतपणे विचारलं, "बाजू समान आहेत असं तू कुठे दाखवलंस?" त्या दिवशी तो शब्द रकान्यात लाल शाईने गेला. चिन्हं टाइप करायला लॅटेक शिकावं लागेल. दोन रविवार लागतात.

आता सावधगिरीचं.

तिथं उत्तरं आयती असतात, आणि नासाडी तिथूनच सुरू होते. गणित वाचायचं, पाच मिनिटं बघायचं, खाली सरकवून उत्तर वाचायचं, "अरे, सोपं होतं" म्हणायचं आणि पुढच्याकडे जायचं. असं रोज दहा गणितांचं केलं तरी वर्षाखेर हातात काही राहत नाही. मी सहा महिने हेच केलं आणि पहिल्या आरएमओत सहापैकी एकच गणित पुरतं लिहू शकले. नंतर पद्धत बदलली. गणित कागदावर उतरवून घ्यायचं आणि कॉम्प्युटर बंद. निदान दोन दिवस ते डोक्यात घेऊन फिरायचं. अडलंच तर कोणाला तरी फक्त हिंट मागायची. सुटलं की स्वच्छ लिहून टाकायचं, आणि त्यावर कोणी काही म्हणेपर्यंत इतरांची उत्तरं उघडायची नाहीत. आठवड्याला एकच गणित असं व्हायचं. दुसऱ्या वर्षी आरएमओ निघाली. आयएनएमओला बसले, पुढच्या शिबिरासाठी निवड झाली नाही. पण त्या चार तासांत सहा गणितांसमोर मला एकदाही परकं वाटलं नाही.

दुसरं, तुलना. तिथं तिला अकरा-बारा वर्षांची मुलं भेटतील, जी तिच्या आठवड्याभराच्या गणिताला तीन ओळींत निकालात काढतील. माझ्या बाबतीत हे झालं तेव्हा मी वही मिटली आणि चार दिवस उघडली नाही. अशा वेळी आईवडिलांनी "तूही हुशार आहेस" म्हणून फारसा उपयोग होत नाही. माझ्या आईने वेगळंच केलं. तिला गणित कळत नव्हतं, पण ती म्हणाली, "त्याच्या तीन ओळी मला समजावून सांग." सांगता सांगता कळलं की दुसरी ओळ मलाच समजलेली नाही. तिथं मी प्रश्न विचारला, आणि त्या मुलाने खुशीने अर्धं पान लिहून उत्तर दिलं.

तिसरं मी फार गांभीर्याने सांगते. एकदा एका मुलाने "अडलंय" म्हणून गणित टाकलं आणि मी हौसेने सगळं सोडवून दिलं. नंतर कळलं की ते एका चालू स्पर्धेतलं होतं, घरून उत्तरं पाठवायची मुदत अजून संपायची होती. माझ्या शब्दांतली सिद्धता दुसऱ्याच्या नावाने गेली, आणि प्रामाणिकपणे झगडणाऱ्या कुणाची तरी जागा त्यात गेली असेल, याची बोच अजून आहे. मुलीला आधीच सांगून ठेवा: गणित कुठलं आहे ते विचारल्याशिवाय मदत करायची नाही, आणि चालू परीक्षेतल्या प्रश्नाबद्दल चकार शब्द नाही. चांगल्या गटांत हा नियम असतोच आणि तो कडक पाळतात. जिथं पाळत नाहीत, तिथून तिला बाहेर काढा.

बाकी काळजी तुम्ही घ्यालच. टोपणनाव ठेवा. शाळेचं नाव, फोन नंबर, फोटो कुठेही नको. खासगी निरोपातून कोणी बोलायला लागलं तर तिने तुम्हाला दाखवावं, एवढं मोकळं नातं असू द्या. कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत असावा आणि हे मोबाइलवर नको. मोबाइलवर सिद्धता लिहिली जात नाही, फक्त गप्पा होतात.

मुलगी आहे म्हणून एक जास्तीचं. त्या वेळी आमच्या गटात मुली फार थोड्या होत्या. युरोपियन गर्ल्स मॅथेमॅटिकल ऑलिंपियाड २०१२ साली केंब्रिजला सुरू झालं आणि २०१५ पासून भारताच्या मुली तिथं जातात. मला हे शाळेत असताना मिळालं नाही. तुमच्या मुलीला हे नक्की सांगा, आणि गटात एक-दोन मैत्रिणी शोधायला लावा. मला अशा दोघी मिळाल्या, एक कोल्हापूरची, एक म्हापशाची. पुढे आम्ही तिघी दर शनिवारी एकमेकींच्या सिद्धता ईमेलने तपासायचो, मराठीत आणि इंग्रजीत मिळून. मोठ्या गटात जे मी वर्षभरात शिकले नाही, ते या तिघींत तीन महिन्यांत शिकले, कारण इथं कोणी कोणाला अर्धवट वाक्य सोडू देत नव्हतं. मोठा गट अशी माणसं सापडायला हवा असतो.

सुरुवात आजच करायची असेल तर तिला हे गणित द्या. वरच्याच गणिताची ही बहीण आहे: १ ते १०० मधल्या कोणत्याही ५१ संख्या उचलल्या, तर त्यांत दोन सहमूळ संख्या असतातच. सुचायला तिला कदाचित एक मिनिटही लागणार नाही. पण पूर्ण वाक्यांत लिहायला सांगा, आणि ५१ च्या ऐवजी ५० घेतल्या तर ते का फसतं, तेही लिहू दे. लिहून झालं की कागदाचा फोटो मला पाठवा. मी वाचेन, आणि कुठे फट दिसली तर तिथं "आता?" एवढंच लिहीन.