दोन खोल्यांच्या गावच्या शाळेचं आधुनिक शिक्षणासाठी नूतनीकरण करायचंय. आराखड्याची सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहिली ते चौथी, पट 41, दोन शिक्षक, दोन खोल्या नि व्हरांडा, गावाने जमवलेले 9 लाख. पुढे यादी: फॉल्स सीलिंग, चकचकीत टाइल्स, सरकत्या काचेच्या खिडक्या, दोन्ही खोल्यांत इंटरॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे बोटाने चालणारा मोठा पडदा. एवढ्या यादीत मधल्या भिंतीबद्दल एक अक्षर नाही. म्हणून लिहायला बसले.

एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली शेवटची अकरा माणदेशातल्या एका वस्तीवरच्या शाळेवर. इमारत तुमच्यासारखीच, खडू-फळा मोहिमेच्या काळातली. 1987 साली सुरू झालेल्या त्या मोहिमेत दोन मोठ्या खोल्या, पुढे व्हरांडा आणि किमान दोन शिक्षक असा हिशोब होता. आमच्याकडे दगडी भिंती, वर स्लॅब आणि दोन खोल्यांच्या मधे दीड फूट जाडीची आडवी भिंत. या खोलीतून त्या खोलीत जायचं तर दारातून व्हरांड्यात यायचं, वळायचं, दुसऱ्या दारातून आत शिरायचं. सोळा पावलं. मी मोजली आहेत.

दोन शिक्षक हे कागदावर. प्रत्यक्षात आमचे गुरुजी बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम त्यांच्याकडे. आज मतदार याद्या, उद्या प्रशिक्षण, परवा शिक्षण परिषद, आणि ते सगळं नसलं की मला कसली तरी माहिती घेऊन पंचायत समितीत बोलावणं. महिन्यातले सात-आठ दिवस शाळेत एकच माणूस. सगळी पोरं एका खोलीत घेतली की मावतात, नाही असं नाही. पण ती राखण होते, शिकवणं होत नाही.

2016 च्या जुलैत असाच एक दिवस होता. गुरुजी तालुक्याला. मी पहिली-दुसरीच्या पोरांना मण्यांच्या माळेवर दशक-एकक दाखवत होते, पलीकडे तिसरी-चौथीला गणितं घालून दिली होती. शेजारून आधी हसणं आलं, मग बाक ओढल्याचा आवाज, मग एकदम शांतता. ज्यांनी शाळेत दिवस काढलेत त्यांना ही शांतता कळेल. सोळा पावलं पळत गेले. तिसरीतल्या एका पोराची भुवई बाकाच्या कोपऱ्यावर फुटली होती. चार टाके पडले. पोराचा बाप भांडायला येईल म्हणून मी तयारीत होते, पण आली त्याची आजी. फाटकापासून वर्गापर्यंत एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "बाई, ह्या मधल्या भिताडाला एक दार असतं तर तुमास्नी हिकडनंच दिसलं असतं की."

अकरा वर्षांत त्या इमारतीबद्दल मला मिळालेला हा सर्वांत शहाणा सल्ला. देणारीला सही येत नव्हती.

पुढच्या वर्षी दुरुस्तीला थोडा निधी आला, त्यात ग्रामपंचायतीने चौदाव्या वित्त आयोगातून थोडे घातले. शाखा अभियंता अंदाजपत्रक करायला आले. मी दाराचं काढलं. साहेबांचं उत्तर मला आजही पाठ आहे. पहिलं, भिंत भारवाहक आहे, स्लॅबचं वजन तिच्यावर आहे, हात लावता येणार नाही. दुसरं, आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, प्रत्येक शिक्षकाला स्वतंत्र वर्गखोली लागते, दार पाडलं तर दोन्ही मिळून एकच खोली धरतील. तिसरं, "बाई, तुम्ही शिकवायचं बघा, बांधकाम आमच्यावर सोडा."

पहिल्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्यावर होतं: कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकामागे एक खोली म्हटलंय, दोन खोल्यांच्या मधे दार नको असं कुठेही म्हटलेलं नाही. घरात स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यात दार असलं म्हणून कोणी ती एक खोली मोजत नाही. तिसऱ्यावर काय बोलणार. तोंडात आलेलं गिळलं.

गंमत पुढे आहे. 2015 च्या जूनमध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या सरकारी कार्यक्रमाचा जीआर निघाला आणि त्या लाटेत गावोगाव डिजिटल शाळा झाल्या. आम्हीही वर्गणीतून प्रोजेक्टर घेतला होता. पडद्यावर उजेड पडतो म्हणून याच साहेबांनी उत्तरेची खिडकी विटांनी बुजवायला एका मिनिटात होकार दिला. दार पाडलं तर इमारत पडते. खिडकी बुजवली की शाळा डिजिटल होते. दोन वर्षांनी बिल थकलं, वायरमन मीटर काढून घेऊन गेला. उरली एक अंधारी खोली, तिच्यात पांढरा पडदा आणि पडद्यावर पाली.

दार आम्ही पाडलंच. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव केला, समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असतात त्याचा मला तेव्हा खरा उपयोग झाला. मे महिन्याच्या सुट्टीत वस्तीवरच्याच गवंड्याने टेकू लावून चार फुटांचं भगदाड पाडलं, वर लिंटेल, म्हणजे भार पेलणारी आडवी तुळई, टाकली, दोन झडपांचं दार बसवलं. झडपांच्या वरच्या अर्ध्या भागाला काच, म्हणजे दार लावलं तरी दिसतं आणि आवाज अडतो. पण खरी करामत दारात नव्हती, फळ्यात होती. दोन्ही खोल्यांतले फळे आधी टोकाच्या भिंतींवर होते, ते काढून मधल्या भिंतीच्या दोन बाजूंना आणले. आता दोन्ही वर्गांची तोंडं मधल्या भिंतीकडे. फळ्याशेजारच्या उंबऱ्यात उभं राहिलं की अडतीस चेहरे दिसायचे. पाठी नव्हे, चेहरे. शिवाय दोन्ही खोल्यांत उजेड बाजूनेच यायचा, डोळ्यांवर नाही की फळ्यावर चमक नाही.

तुमच्या प्रश्नातलं "आधुनिक शिक्षण" मला विचाराल तर ते हे आहे. चौथीची पोरगी उठून पहिलीच्या पोराला वाचून दाखवायला दारातून जायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं.

आता तुमच्या यादीकडे, भरभर.

फॉल्स सीलिंग नको. जुन्या स्लॅबचं प्लॅस्टर सुटतंय का, गज गंजलेत का, गळतंय कुठे, हे सगळं त्याच्या आड लपेल आणि एक दिवस पोरांच्या डोक्यावर येईल. उकाडा गच्चीवरून उतरतो, तर इलाज गच्चीवरच करा: गळती बंद करून वर पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं चायना मोझॅक, पैसे नसतील तर दर उन्हाळ्याला चुना.

टाइल्स तर अजिबात नकोत. शहाबादी फरशी असेल तर उखडू नका, हात जोडते. पोरं तिच्यावर खडूने लिहितात, पुसतात, पुन्हा लिहितात. साताऱ्याकडच्या कुमठे बीटच्या, म्हणजे त्या गटातल्या, शाळा बघायला आम्ही गेलो होतो, तिथे अर्धं शिक्षण जमिनीवर चाललेलं. व्हिट्रिफाइड टाइलवर खडू उठत नाही, पावसात पाय घसरतो आणि खोली घुमते ती वेगळीच. भिंतीचा खालचा तीन फूट पट्टा सगळीकडून काळा करून पोरांना द्या. पॅनेलच्या मानाने हा खर्च काहीच नाही.

सरकती खिडकी सहसा अर्धीच उघडते, म्हणजे पैसे पूर्ण आणि वारा निम्मा. पोरं जमिनीवर बसत असतील तर खिडकीची खालची कड दोन फुटांवर घ्या, नाहीतर त्यांना फक्त आभाळ दिसतं. गज मात्र पक्के लावा.

पॅनेल एक घ्या, दोन नको, आणि चाकांच्या स्टँडवर घ्या. मधे दार असलं की तेच दोन्हीकडे फिरतं. आधी बिल कोण भरणार ते ग्रामपंचायतीकडून लेखी घ्या, मग पॅनेल.

रॅम्प यादीत दिसला नाही. उताराला बारास एक हे प्रमाण धरतात. जोतं दोन फूट असेल तर रॅम्प चोवीस फूट लांब होतो. बहुतेक ठिकाणी सहा फुटांत उरकतात, मग ती घसरगुंडी होते आणि कुबड्या घेतलेलं पोर पायऱ्यांनीच चढतं. तांदळाच्या पोत्यांना वेगळी जागा काढा, नाहीतर नवी खोली सहा महिन्यांत कोठार होते. मुलींचं स्वच्छतागृह आणि तिथलं पाणी यावर लिहीत नाही, ते तुम्ही धरलंच असेल.

एक सांगायचं राहिलं, आणि ते आधी सांगायला हवं होतं. त्या पावसाळ्यात आमच्या दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली. साहेब पाहणीला आले आणि "म्हणलं नव्हतं का?" एवढंच बोलले. गवंड्याने एका बाजूला लिंटेल जेमतेम चार इंच टेकवली होती; ती सहा-आठ इंच तरी हवी. पुढच्या सुट्टीत पुन्हा टेकू लावून ते काम नीट करून घेतलं, भेग थांबली. भिंत भारवाहक आहे हे साहेबांचं खरंच होतं. पण भारवाहक भिंतीतही रीतसर दार काढता येतं, हेही खरं, आणि ते कसं काढायचं हे सांगणं त्यांचं काम होतं, माझं नव्हे. तुम्ही माझ्यासारखं करू नका. 1993 च्या सप्टेंबरात किल्लारीच्या भूकंपात दगडी भिंतींनी काय केलं ते आपल्या लोकांनी पाहिलंय. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या, जिल्हा परिषदेची परवानगी घ्या, आणि इमारत निर्लेखनाच्या, म्हणजे मोडीत काढायच्या, यादीत तर नाही ना ते सगळ्यात आधी बघा. असेल तर नऊ लाख तिच्यावर घालणं म्हणजे पाण्यात घालणं.

मी 2021 ला निवृत्त झाले. गेल्या दिवाळीत शाळेवर जाऊन आले. नव्या सरांनी त्या दारासमोर लोखंडी कपाट सरकवलंय. आवाज येतो म्हणाले. मी विचारलं, काच आहे ना, झडप लावून घ्या. ते म्हणाले, दाराची कडी तुटलीय.

कडी चाळीस रुपयांना मिळाली. घेऊन दिली. कपाट हललंय की नाही ते आजीच्या नातवाला विचारायला हवं, तो आता मोठा झालाय.

तुमच्या जोत्याची उंची आणि दोन्ही खोल्यांची आतली मापं कळवलीत तर फळे आणि दार कुठे येईल ते कागदावर काढून देते. मधल्या भिंतीची जाडीही लिहा.