रद्दीतले कॅटलॉग आणि खंडेनवमीची तलवार

प्रश्न : मंगळवार पेठेत रद्दीवाल्याकडे इंग्लंडमधल्या शस्त्रलिलावांचे अकरा कॅटलॉग मिळाले, १९६८ ते १९७४ चे. घरी पणजोबांची तलवार आहे, खंडेनवमीला पुजतो. तिची किंमत यातून कळेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : किंमत शोधायला बसलात तर फसाल. फेब्रुवारी १९७१ पर्यंत तिकडे शिलिंग चालत होते आणि लिलावात गिनीही, म्हणजे २१ शिलिंग. शिवाय छापलेला आकडा असलाच तर तो अंदाज. बोली कुठे थांबली ते नंतर कळायचं. कुणी समासात पेन्सिलीने भाव टिपले असतील, तर ती प्रत मात्र जपा.

खरा माल वर्णनात असतो. लांबी, मुठीची घडण, पात्यावरच्या खुणा वाचा. नावावर जाऊ नका, वाकडं पातं दिसलं की इंग्रज ‘टुलवार’ लिहून मोकळा. पात्यावर ‘आंद्रिया फेरारा’ असं रोमन अक्षरांत असलं तरी हुरळू नका. ते इटलीतल्या नामवंत तलवार-कारागिराचं नाव, पण जर्मन कारागीरही ते सर्रास ठोकत.

आता मूठ बघा. वर्षानुवर्षांचं हळदकुंकू परजेखाली (मुठीचा हात वाचवणारा भाग) साचलं असेल, ते कोरड्या मऊ ब्रशने झाडा. चिंच किंवा पितांबरी अजिबात नको. खाली टिंबाटिंबांची देवनागरी अक्षरं निघाली, तर लगेच कळवा. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या हत्यारांवर अशा नोंदी असतात. १६८९ मध्ये आजच्या आंध्रातला अदोनीचा किल्ला पडल्यावर तिथली दख्खनी हत्यारं बिकानेरचे महाराजा अनुपसिंह यांच्याकडे गेली, आणि त्यांतली काही पुढे परदेशी लिलावांत निघाली.

माझंच सांगतो. १९९६ साली सोन्याच्या वेलबुट्टीची एक कट्यार घेतली, ऐपतीबाहेर. चार वर्षांनी १९६९ च्या एका कॅटलॉगात तीच दिसली! मुठीच्या डाव्या पट्टीवर तोच पोचा, टोकाला तोच टवका. वर्णनात मात्र नुसतं ‘साधं पोलाद’. सोनं मधल्या काळात कुणीतरी चढवलेलं. विकणाऱ्याने चहा पाजला, पैसे काही दिले नाहीत.

फोटोवरून डोळा तयार होत नाही, तेव्हा एकदा अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार बघून या. आणि तुमच्या गठ्ठ्यात १९६९ चे जे असतील त्यांची मुखपृष्ठं मला पाठवा. माझ्या प्रतीतलं कट्यारीचं पान कुणीतरी ब्लेडने कापून नेलंय.