विनोदी कादंबरी वाचणं म्हणजे पळपुटेपणा का?

प्रश्न : नमस्कार. मी नोकरी करते, मुलं लहान आहेत आणि सासूबाई गेले आठ महिने अंथरुणावर आहेत. रात्री सगळं आवरलं की मी एका जुन्या विनोदी कादंबरीची पंधरा-वीस पानं वाचते आणि एकटीच हसत बसते, ही तिसरी वेळ आहे तेच पुस्तक वाचायची. मिस्टर म्हणतात की सारखं तेच फालतू काय वाचतेस, ज्ञान मिळेल असं काहीतरी वाच. आता मलाच गिल्टी वाटायला लागलंय. घरात एवढं सगळं चालू असताना मी हसते, म्हणजे मी पळ काढतेय का?

उत्तर : ताई, पळण्याचं आधी बोलू, कारण तेच तुम्हाला जास्त लागलेलं दिसतंय. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टोल्किन यांनी १९३९ साली परीकथांवर एक भाषण दिलं होतं आणि त्यात पळपुटेपणाच्या ह्याच आरोपाला उत्तर दिलं होतं. त्यांचं म्हणणं असं की लोक दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात, कैद्याला तुरुंगाबाहेर पडावंसं वाटणं वेगळं आणि सैनिकाने लढाई सोडून पळून जाणं वेगळं. तुम्ही सकाळी उठून सासूबाईंचं औषधपाणी करता, मुलांचं बघता, कामावर जाता. मग लढाई सोडली कुठे तुम्ही? वीस पानांपुरती खिडकी उघडलीत, एवढंच. तेवढ्यासाठी गिल्टी वाटून घेऊ नका.

आणि तुम्हाला नेमकं हेच पुस्तक का लागतं, तेही सांगते. हलक्याफुलक्या कादंबरीत संकटं कमी नसतात, उलट पानोपानी असतात, कुणी आत्याला थाप मारलेली असते, दोन पत्रांची पाकिटं अदलाबदल होतात, पाहुणा चुकीच्या खोलीत झोपतो, आणि त्या माणसांसाठी ते जीवनमरणाचं असतं, ती अजिबात हसत नसतात. आपले चिं. वि. जोशींचे चिमणराव आठवा, तो बिचारा मनापासून घाबरलेला असतो म्हणूनच आपण हसतो. पण वाचणाऱ्याला आतून माहीत असतं की इथे कुणाचं काही वाईट होणार नाहीये, गुंता कितीही वाढला तरी शेवटच्या तीस पानांत सुटणार आहे. तुमच्या दिवसभरातल्या काळज्यांना अशी गॅरंटी नाही, रिपोर्ट काय येईल, रात्र कशी जाईल, काहीच हातात नसतं. मन थकतं ते ह्या न सुटणाऱ्या गुंत्यांनी, आणि म्हणून रोज एक सुटणारा गुंता बघायला मिळाला की त्याला खरंच विश्रांती मिळते. तिसऱ्यांदा वाचण्यातही तेच आहे, पुढच्या पानावर काय होणारे हे ठाऊक असतं आणि आपण त्या जागेची वाट बघत बसतो, ओळखीच्या गाण्यातल्या आवडत्या जागेसारखं.

आता "फालतू"चं. इंग्रजीतले विनोदी कादंबरीकार पी. जी. वुडहाऊस यांनी एका मुलाखतीत सांगितलंय की कादंबरी सुरू करण्याआधी त्यांची साधारण ४०० पानांची टिपणं तयार असायची. चारशे! जे पुस्तक आपण पाय पसरून वाचतो ते पत्त्यांच्या बंगल्यासारखं रचलेलं असतं, सातव्या पानावर सहज ठेवलेली छत्री दोनशेव्या पानावर कामाला येते. मिस्टरांना वाद न घालता एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवा, बघा काय होतं.

आणि मोठ्याने वाचायचंच तर सासूबाईंच्या उशाशी बसून वाचा, त्यांना आवडत असेल तर. आजारी माणसाशी दिवसभर फक्त गोळ्या आणि दुखण्याबद्दलच बोललं जातं, घरात दुसरा विषयच उरत नाही, तिथे रोज दहा पानं एखाद्या वेंधळ्या माणसाची गोष्ट आली तर दोघींना बोलायला काहीतरी नवं मिळेल, "काल तो कपाटात लपला होता ना, पुढे काय झालं" असं. मला वाटतं हे तुमच्या एकटीच्या हसण्याहूनही छान होईल, पण एकटीची वीस पानं सोडू नका हं, ती तुमची आहेत.

एकच काळजी घ्या, डोळे मिटत असताना ओढूनताणून वाचू नका. विनोदी वाक्याची गंमत बहुतेक वेळा शेवटच्या दोन-तीन शब्दांत असते आणि पेंगत वाचलं की नेमकी तीच निसटते. त्यापेक्षा पाचच पानं वाचा, आणि ऐन धमाल प्रसंगाच्या मध्यावर खूण घालून बंद करा, दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच त्या पुस्तकाची ओढ लागते.

प्रश्न : सगळे म्हणतात खूप विनोदी आहे म्हणून एक अनुवादित कादंबरी आणली, चाळीस पानं झाली तरी हसू येत नाहीये. माझ्यातच काही कमी आहे का?

उत्तर : अजिबात नाही. अशा कादंबरीची पहिली चाळीस-पन्नास पानं बऱ्याचदा नुसती सोंगट्या मांडण्यात जातात, कोण कुणाचा भाचा, कुणाचं कुणाशी लग्न ठरलंय वगैरे, खेळ नंतर सुरू होतो. शिवाय अनुवादात प्रसंगातला विनोद टिकतो, शब्दांवरच्या कोट्या मात्र मरतात, त्यामुळे मूळ पुस्तक शब्दांच्या खेळावर उभं असेल तर दोष तुमचा नाही. आणि काही विनोदी पुस्तकांत मधेच गंभीर भागही असतात. जेरोम के. जेरोम यांची इंग्रजी विनोदी कादंबरी 'थ्री मेन इन अ बोट' (१८८९) घ्या, ते मुळात थेम्स नदीच्या सफरीचं माहितीपर पुस्तक व्हायचं होतं, आणि इतिहासाचे ते गंभीर परिच्छेद अजूनही मधेमधे आहेत, ते खुशाल ओलांडा. तुम्ही आणलेली कादंबरी ऐंशी पानांपर्यंत वाचून बघा, त्यातही एकदा ओठ हलले नाहीत तर पुस्तक मित्राला देऊन टाका आणि त्याच लेखकाच्या छोट्या कथा मिळतात का बघा, एका बैठकीत संपणाऱ्या गोष्टीत लेखकाचा सूर लवकर कानात बसतो.